दृष्टीपलीकडील प्रकाश

चुलीवरून नुकताच उतरलेला तवा अंधाऱ्या खोलींत ठेवावा आणि त्याच्या बाजूस, वर नव्हे, थोड्या अंतरावर हात धरावा. (मुलांनीं हें वडील मंडळींच्या देखत करावें.) तवा दिसत नाहीं, परंतु हाताला ऊब लागते. तापलेली हवा तर वर जाते. मग ही ऊब कोणत्या वाटेनें आली? आम्ही वर्गांत हा प्रश्न विचारला म्हणजे प्रथम बराच वेळ शांतता असते.

इ. स. १८०० मध्यें इंग्लंडांत विल्यम हर्शेल यांनीं काचेच्या लोलकानें सूर्यप्रकाशाचे रंग पाडले व एकेका रंगांत उष्णतामापक ठेविला. हे गृहस्थ मूळचे संगीताचे शिक्षक; पुढें युरेनस ग्रहाच्या शोधामुळें नांवाजले. जांभळ्या रंगांत पारा सुमारें २ अंश फॅरनहाइट चढला, हिरव्यांत ३ हून किंचित् अधिक, तांबड्यांत जवळजवळ ७. पण तांबड्याच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नव्हतें, तेथें पारा आणखी वर गेला! लोलक त्या टोकाकडील किरण दाटीवाटीनें एकत्र आणतो, हेंही याचें एक कारण होय. तांबडा प्रकाशच सर्वांत प्रबळ, असा समज विद्यार्थ्यांनीं करून घेऊं नये.

पुढील वर्षीं जर्मनींत रिटर यांना जांभळ्याच्या पलीकडेही अदृश्य किरण आढळले.

हे सारे किरण एकाच जातीचे कसे, तें मॅक्स्वेल यांच्या १८६५ सालच्या गणितावरून उमगूं लागलें. विद्युत् व चुंबकत्व यांचीं आंदोलनें एकमेकांस चेतवीत पुढें धांवतात. त्यांचा वेग सेकंदाला सुमारें तीन लक्ष किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्याच वेगाएवढा भरला. १८८८ सालीं हर्ट्झ यांनीं विजेच्या ठिणग्यांनीं अशा लाटा निर्माण करून दाखविल्या.

लाटांत भेद लांबीचा आणि कंपनांचा. बाजाच्या पेटीवर एक सप्तक वर गेलें कीं कंपनसंख्या दुप्पट होते. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत प्रकाशाची कंपनसंख्याही साधारण दुप्पटच होते. म्हणजे आमच्या डोळ्यांच्या पेटीला सप्तक एकच! रेडिओच्या लाटा त्याच्या कितीतरी खालीं, क्ष-किरण कितीतरी वर.

आणि तवा? त्याच्या लाटा तांबड्याच्या सुमारें तीन सप्तकें खालच्या. तवा गार झाला तरी त्या थांबत नाहींत. मंदावतात व अधिक लांब होतात, एवढेंच. वर्गांत बसलेल्या प्रत्येक मुलाच्या अंगांतूनही अशा लाटा अहोरात्र निघत असतात. त्या सुमारें मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या लांब असतात.