मटण खात नाही, मग यकृतात गाठ कशी?

“डॉक्टर, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही हो!” सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘हायडॅटिड सिस्ट’ असं लिहून आलं, की मस्कतमधल्या आपल्या शाकाहारी मंडळींकडून हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. पेशंट मांसाहारी असेल तर तो तिथल्या तिथे शपथ घेतो, “आजपासून मटण बंद.” दोघांनीही आरोपी म्हणून मटणालाच धरलेलं असतं आणि दोघंही चुकलेले असतात.

हा आजार मटण खाऊन होत नाही. एकायनोकॉकस नावाचा, जेमतेम तीन ते सहा मिलीमीटर लांबीचा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, माती-गवतात मिसळतात, कुत्र्याच्या केसांनाही चिकटतात. शेळ्या, मेंढ्या, गाई, उंट चरताना ती गिळतात आणि त्यांच्या यकृतात, फुप्फुसांत पाण्याच्या गाठी होतात. असं यकृत कुत्र्यानं कच्चं खाल्लं की चक्र पुन्हा सुरू. माणूस यात अडकतो तो अंडी पोटात गेल्यामुळे: न धुतलेल्या हातांतून, कच्च्या पालेभाजीतून, उघड्यावरच्या पाण्यातून. त्यामुळे ईदचा शुवा निर्दोष आहे. दोष आहे तो बकरा घरामागे कापून त्याचं गाठींचं काळीज वादीत भटक्या कुत्र्यांपुढे फेकण्याचा. तुमच्या ताटातली जर्जीरची कच्ची पानं, मुळा, कोथिंबीर मात्र नीट तपासून घ्या. व्हिनेगरच्या, मिठाच्या पाण्यात बुडवून ही अंडी मरत नाहीत, घरच्या फ्रीझरमध्येही नाहीत. वाहत्या पाण्याखाली पान न् पान चोळून धुवा. शिजवलेल्या भाजीची चिंता नको.

सध्या ‘कोल्ह्याचा जंत यकृत पोखरतो’ असा एक मेसेज फिरतोय आणि सलालाहच्या सहलीत कोल्हा दिसला म्हणून लोक माझ्याकडे रक्त तपासायला येताहेत. तो जंत खरा आहे आणि घातकही आहे. यकृतात तो कॅन्सरसारखा पसरतो, उपचार झाले नाहीत तर बहुतेकांचा जीव घेतो. पण त्याचं बस्तान मध्य युरोप, रशिया, चीन, जपानचं होक्काइदो अशा थंड मुलखांत आहे. आखाती देशांत आणि आपल्या महाराष्ट्रात गाठ पडते ती त्याच्या भाऊबंदाशी, म्हणजे कुत्र्याच्या जंताशी. तेव्हा कोल्ह्याला सोडा आणि दारातल्या कुत्र्याकडे लक्ष द्या.

रुवीत राहणाऱ्या एक ताई उजव्या बरगडीखालचं जडपण ‘पित्त’ समजून दोन वर्षं अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खात होत्या. सोनोग्राफीत मोठी गाठ निघाली, आत छोट्या छोट्या गाठी. सर्जनकडे जा म्हटलं, तर गावाकडून कुणीतरी ‘गाठ विरघळवणाऱ्या’ पुड्या पाठवल्या. सकाळी लिंबू आणि ऑलिव्ह तेलाचं ‘यकृतशुद्धी’ पेयही सुरू झालं. चार महिन्यांनी आल्या तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे. गाठ पित्तनलिकेत फुटली होती. ऑपरेशन झालं, आता त्या ठणठणीत आहेत. पण जे ऑपरेशन ठरवून, शांतपणे करता आलं असतं, ते घाईनं करावं लागलं. पुड्या देणारा मात्र फोन उचलत नव्हता! ही गाठ त्यांनी लहानपणी सोलापूरकडच्या मेंढरांच्या वाड्यातून आणली की इथे बर्काच्या शेतावरून, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. ती वर्षानुवर्षं मुकाट वाढते.

आता धीराचं बोलते. ही गाठ कॅन्सर नव्हे. ती एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे पेशंटचं ताट-वाटी वेगळं काढू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं सोनोग्राफीवरून तिच्या पाच अवस्था ठरवल्या आहेत. शेवटच्या दोन अवस्थांतल्या गाठी मेल्यात जमा असतात. त्यांना बहुधा हात लावायचा नसतो, ठरावीक काळानं सोनोग्राफी करत राहायचं. बाकीच्यांसाठी गोळ्या, सुईनं करायची एक खास प्रक्रिया किंवा ऑपरेशन. यातलं काय, हे गाठीचा प्रकार, आकार आणि जागा पाहून ठरतं.

“मग सुईनं पाणी काढून टाका ना,” असं कुठल्याही क्लिनिकमध्ये जाऊन सांगू नका. ते पाणी पोटात सांडलं तर जीवघेणी अ‍ॅलर्जी उसळू शकते, नव्या गाठीही रुजतात. ही प्रक्रिया अनुभवी हातांनी, आधी गोळ्या सुरू करून, सगळी तयारी असलेल्या हॉस्पिटलमध्येच व्हायला हवी.

आणि ती जंताची गोळी! अल्बेंडाझोलची 400 मिलीग्रॅमची एक गोळी दर सहा महिन्यांनी घेतो म्हणून निर्धास्त असलेल्यांनो, ती आतड्यातल्या जंतांसाठी आहे. या आजारात तेच औषध दिवसातून दोनदा, कित्येक महिने द्यावं लागतं आणि त्या काळात यकृत व पांढऱ्या पेशी तपासत राहावं लागतं. गरोदरपणात सहसा देत नाहीत. फार्मसीतून आणून मनानं सुरू करायची ही गोष्ट नव्हे. शौचाची तपासणी ‘नॉर्मल’ आली म्हणूनही हुरळू नका. माणसाच्या शौचात हा जंत सापडतच नाही.

उजव्या बरगडीखाली सतत जडपणा, हाताला लागणारी गाठ, कावीळ, थंडी वाजून ताप, खोकल्यातून खारट पाणी किंवा द्राक्षाच्या सालीसारखे पापुद्रे, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. गाठ असल्याचं माहीत आहे आणि पोटाला मार लागल्यावर अंगभर पित्त उठलं, दम लागला, गरगरलं, तर थांबूच नका, 9999 फिरवा.

भटकं पिल्लू घरी आणलंय? छान केलंत, माझा कुत्र्यांवर राग नाही. पण हा जंत पोटात असलेलं कुत्रं धडधाकट दिसतं. पिल्लांच्या नेहमीच्या जंताच्या औषधातलं पायरँटेल पट्टकृमीवर चालत नाही, प्राझिक्वांटेल लागतं. ते किती दिवसांनी द्यायचं ते पशुवैद्याला विचारा. कच्चं काळीज त्याला घालू नका, आणि त्याला कुरवाळून मुलं थेट ताटावर बसणार नाहीत हे बघा. बकरा नगरपालिकेच्या कत्तलखान्यातच कापून घ्या. तिथे पशुवैद्य काळीज-फुप्फुसं तपासतात. सुट्टीत गावी गेलात की मटणाच्या दुकानाच्या फळीखाली कुत्री टपून बसलेली दिसतील, त्या दुकानदारालाही दोन शब्द सुनवा.

हे सगळं बोलायला सोपं, असं म्हणाल. 1863 साली हॅराल्ड क्रॅबे नावाचा डॅनिश शास्त्रज्ञ आइसलंडला गेला. त्यानं तपासलेल्या शंभर कुत्र्यांपैकी 28 कुत्र्यांत हा जंत निघाला. पुढच्याच वर्षी लोकांच्या भाषेत एक पुस्तिका निघाली आणि घरोघर वाटली गेली: गाठींचे अवयव कुत्र्याला घालू नका, कुत्र्याला जंताचं औषध द्या, हात धुवा. अल्बेंडाझोल, सोनोग्राफी यांतलं काहीही नसताना पुढच्या काही पिढ्यांत त्या देशातून हा आजार हद्दपार झाला.

ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांना शेवटची तंबी. ही गोळी रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही, तिला स्निग्ध जेवण लागतं. ‘लिव्हरचा आजार आहे’ म्हणून तूप-तेल तोडून, उकडलेल्या दुधीवर दिवस काढू नका. गोळीच्या वेळी पोळीला तूप लावा आणि रक्ततपासणीची तारीख चुकवू नका.