रिफाइंड तेलाची भीती आणि तळणाची कढई

सोयाबीन, सरकी, सूर्यफूल, करडई यांची कारखान्यात काढलेली तेले शरीरास अपायकारक असतात, असा समज अलीकडे बराच पसरला आहे. त्यात तेल कसे काढले आणि ते कसे तापवले, या दोन भिन्न प्रश्नांची गल्लत झालेली आढळते.

सोयाबीनमध्ये तेलाचे प्रमाण जेमतेम 18 ते 20 टक्के असते. एवढे तेल केवळ दाबाने पुरते निघत नाही. म्हणून ते हेक्झेन या द्रावकात विरघळवून काढतात. हेक्झेन सुमारे 69 अंश सेल्सिअसला उकळत असल्याने पुढील प्रक्रियेत उडून जाते. रिफाइंड तेलात त्याचा अंश दशलक्ष भागांत 5 हून अधिक नसावा, अशी भारतात मर्यादा आहे. सरकीच्या बाबतीत तर शुद्धीकरण टाळताच येत नाही, कारण कच्च्या तेलातील गॉसिपॉल हे विषारी रंगद्रव्य त्याच टप्प्यावर वेगळे होते. जीवनसत्त्व ई चा काही अंश या प्रक्रियेत कमी होतो, हेही खरे.

खरी चिंता कढईची आहे. सर्वसाधारण करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल 70 टक्क्यांच्या वर असते. हे आम्ल शरीराला आवश्यकच आहे. परंतु त्याच्या रेणूत दोन दुहेरी बंध असल्यामुळे उष्णता व हवा यांच्या संपर्कात ते ओलेइक आम्लापेक्षा फार लवकर विघटित होते आणि अल्डिहाइड गटातील घातक संयुगे निर्माण होतात. फोडणीत हा संपर्क क्षणांचा असतो, तळणात तासांचा. जुन्या तेलात नवे ओतून कढई भरती ठेवण्याची पद्धत विशेष वाईट, कारण जुने तेल नव्याचेही विघटन वेगाने घडवते. एकूण ध्रुवीय संयुगे 25 टक्क्यांहून अधिक झालेले तेल अन्नव्यावसायिकांनी वापरू नये, असा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. घरी असे मापन शक्य नसते. तेथे न विरणारा फेस, चिकटपणा आणि लवकर निघणारा धूर यांवरून तेल ओळखावे. नुसत्या रंगावर विसंबू नये. मसालेदार पदार्थ तळल्यास ताजे तेलही काळवंडते.

या प्रश्नाचे एक उत्तर वाणांत सापडते. जुनागढ येथील भुईमूग संशोधन संस्था व इक्रिसॅट यांच्या सहकार्यातून आलेल्या गिरनार-4 आणि गिरनार-5 या वाणांच्या तेलात ओलेइक आम्ल सुमारे 80 टक्के असते. साहजिकच ते तळणात अधिक टिकते. मात्र या शेंगा इतर वाणांत मिसळल्या की हा गुण उरत नाही. त्यांची मळणी, साठवण व गाळप स्वतंत्र ठेवावे लागते, आणि त्या खर्चाला साजेसा भाव बाजारात मिळाला तरच शेतकरी ही तसदी घेईल.