बाण कापायला करवत घ्यायची? आधी हिशेब मांडा

ताई, गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जासाठी एक वेगळाच अर्ज आला. शेळी नाही, शिलाई मशीन नाही. लेकीचे बाण कापायला मशीन हवी होती. आधी सगळ्या हसल्या. मग त्या ताईंनी पिशवीतून दोन बाण काढून दाखवले. घरातल्या हेक्सा ब्लेडनं कापलेले, टोकाला काथ्यासारखे उसवलेले. दोन्ही वाया गेलेले.

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. शेजारच्या साताऱ्यातल्या शेरेवाडीची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला जगज्जेती झाली, तेव्हा ती १७ वर्षांची होती. फलटणजवळच्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला खेळून आला. आपल्याकडच्या पोरीही आता धनुष्य मागतात, आणि खर्च आईच्या वहीत येतो.

बाण कापावा का लागतो? नवे बाण बहुधा लांब येतात. ते खेळाडूच्या हाताच्या ओढीप्रमाणे कापतात. लांब राहिला तर फार बिघडत नाही, आखूड झाला तर मात्र धोका. दोरी पूर्ण ओढल्यावर आखूड बाण टेकणीवरून मागे घसरतो आणि सुटताना धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. म्हणून माप प्रशिक्षकांनीच घ्यावं. मागच्या खाचेच्या तळापासून नळीच्या पुढच्या कडेपर्यंत मोजतात, लोखंडी टोक त्यात धरत नाहीत. वाढत्या वयाच्या मुलीला जास्तीची लांबी ठेवायला सांगा, नाहीतर वर्षभरात अख्खा संच बदलावा लागेल.

आता करवत. बाण बांबूचा असेल तर मशीनचा विचारही नको. बारीक दात्यांचं हेक्सा ब्लेड घ्या, खुणेवर चिकटपट्टी गुंडाळा आणि बाण थोडा थोडा फिरवत सगळीकडून कापा. एका बाजूनं रेटलं की शेवटी चीर जाते.

कार्बनच्या बाणाला दात्यांचं कुठलंच पातं नको. कार्बन म्हणजे बारीक तंतू राळेत बसवलेले. दाते ते ओढून उसवतात. घरात प्लंबिंगचं काम करणारं कोणी असेल तर ते पाईप कटर पुढं करतील. तोही नको, दाबानं नळी आतून तडकते. इथं हवी वेगानं फिरणारी, घासून कापणारी पातळ चकती. छोटी कट-ऑफ मशीन मिळते, किंवा स्टँडवर घट्ट बसवलेला लहान ग्राइंडर चालतो. हातात धरलेला ग्राइंडर अजिबात नको. चकतीवर छापलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी नसावा. दुकानात मशीनची ताकद सांगतील. तुम्ही मात्र बाण दोन्ही बाजूंनी टेकतो का, चकती हलते का आणि वर झाकण आहे का, ते बघा. मी तर झाकण नसलेली मशीन फुकट मिळाली तरी घेणार नाही.

पण घ्यायचीच का? आकडे नुसते धरून चालू. स्टँडसकट मशीन ३,००० रुपयांना पडली आणि दुकानदार कापायला बाणाला २० रुपये घेतो. म्हणजे मशीनचे पैसे फिटायला १५० बाण कापावे लागतील. एका घरात एवढे बाण कापेपर्यंत पोरीचं लग्न होईल! तुमच्या भागातले खरे भाव घालून हाच हिशेब करा. बाण विकणारे पुष्कळदा मापाने कापूनही देतात. खरेदीच्या वेळीच विचारा. खेळणारी मुलं पंधरा-वीस असतील तर ग्रामसंघाच्या अवजार बँकेत एक मशीन ठेवणं परवडेल. आमच्या ताईंचं कर्ज आम्ही त्यासाठीच थांबवलं, नाकारलं नाही.

मशीन आणलीच तर काम अंगणात करा, धान्य आणि स्वयंपाकापासून लांब. कार्बनची धूळ छातीत जाते, कातडीला खाजते आणि वीज वाहून नेते, म्हणून बोर्डाजवळ ती उडू देऊ नका. एन-९५ मास्क आणि चष्मा हवाच. पदर खोचा, वेणी बांधून वर घ्या, सैल बांगड्या काढा. धूळ झाडूनं उडवू नका, ओल्या फडक्यानं टिपा.

कापायचं टोकाच्या बाजूनं, पिसांच्या नाही. चकती फिरू लागल्यावर बाण हलकेच टेकवून गोल फिरवा. कापलेल्या कडेला मार्करची शाई लावा आणि सपाट ठेवलेल्या पॉलिश पेपरवर बाण सरळ उभा धरून फिरवा. शाई सगळीकडून सारखी गेली तर कड सरळ. एकाच बाजूची गेली तर टोक वाकडं बसेल. मग बाण चेहऱ्यापासून लांब धरून किंचित वाकवा. कडकड ऐकू आली तर तो मोडून टाका, परत वापरू नका.

आणि डझनातला आधी एकच कापा. तो प्रशिक्षकांसमोर मारून बघू द्या. बाकीचे अकरा तोवर लांबच असू द्या.