रेवदंड्याचे दगड आणि कोर्लईची बोली

द्वितीय वर्ष कला

वडखळला रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक नागोठणे, कोलाड करीत सरळ गोव्याकडे जातो. दुसरा धरमतरची खाडी ओलांडून पोयनाडवरून अलिबागला. लहानपणी नाक्यावर उभे राहून मी गोव्याला जाणाऱ्या गाड्या मोजत असे. जुन्या गोव्यातली मोठमोठी चर्चे आणि बॉम जेझस चर्चमधले सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव पाहायला माणसे किती दुरून जातात, हे शाळेत ऐकले होते. परंतु दुसऱ्या फाट्याने सुमारे चाळीस किलोमीटर गेले तर त्याच इतिहासातले एक शहर नारळी-पोफळीच्या वाड्यांत पडून आहे, हे कळायला मला एकोणिसावे वर्ष लागले.

आमच्या इतिहास विभागाची चौल, रेवदंडा आणि कोर्लई अशी एक दिवसाची अभ्याससहल निघाली, तेव्हा घरी परवानगी मागताना मला बरेच समजावून सांगावे लागले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. "देवळाला जायचं त सांग, पडक्या चर्चा बघून काय मिलनार?" असे आईने विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न म्हणजे हा लेख.

निघण्यापूर्वी सरांनी वर्गात एक गोष्ट नीट समजावून दिली होती. पोर्तुगीजांच्या शहरात किल्ला आणि चर्च एकाच तटाच्या आत का असतात? पंधराव्या शतकात पोपने पोर्तुगालच्या राजाला नव्या मुलखांतील धर्मकार्याचे अधिकार दिले. बिशपच्या नेमणुकीसाठी नाव सुचविण्याचा हक्क राजाचा आणि चर्चे बांधून ती चालविण्याची जबाबदारीही राजाचीच. या व्यवस्थेला 'पाद्रोआदो' म्हणतात. १५३४ मध्ये गोव्याला स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तोही याच व्यवस्थेखाली. तेव्हा तोफ आणि क्रूस यांचा खर्च एकाच तिजोरीतून होत होता. तिजोरी गेली की दोघांचे काय होते, हे रेवदंड्याला दिसते.

चौल हे बंदर पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीचे. ग्रीक लेखक त्याला 'सेमिल्ला' म्हणत, अरब प्रवासी 'सैमूर' म्हणत. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी येथेच उतरला होता. पोर्तुगीज १५०५ मध्ये प्रथम आले. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरात यांच्या एकत्रित आरमाराशी त्यांची लढाई झाली, तीत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने त्यांनी खाडीच्या तोंडाशी किल्ला बांधायला घेतला. तेच आजचे रेवदंडा. जुने चौल निजामशाहीकडे आणि रेवदंडा पोर्तुगीजांकडे, अशी दोन शहरे शेजारी शेजारी नांदू लागली.

आमची एस. टी. तटाच्या दरवाजातूनच आत शिरली. आत आजही वस्ती आहे, शाळा आहे, बाजार आहे. आणि वाड्यांतून मध्येच एखादी उंच भिंत उभी दिसते. ती भिंत म्हणजे कधीकाळचा मठ. डॉमिनिकन, फ्रान्सिस्कन, जेझुइट अशा निरनिराळ्या संघांची चर्चे आणि मठ येथे होते. फ्रान्सिस्कनांच्या सेंट बार्बारा मठाचा मनोरा लोकांच्या तोंडी 'सातखणी' झाला आहे. त्याचे वरचे खण ढासळले आहेत, पण खाली उभे राहून मान वर केली तर टोपी पडावी एवढा तो अजूनही उंच आहे. आमच्यापैकी काहींनी भिंतीवर नावे कोरलेली पाहून हसण्यावारी नेले. सर मात्र तिथे काही वेळ गप्पच उभे राहिले.

१५७१ मध्ये निजामशहाचा मोठा वेढा या तटाने परतवला होता. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेनेही रेवदंड्याला वेढा घातला. परंतु १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पुढच्याच वर्षीच्या तहात चौल व कोर्लई मराठ्यांना मिळाली. राजाचे छत्र गेल्यावर येथील मठांना वाली उरला नाही. ऐपत होती ते गोव्याला गेले. छपरे कोसळली आणि दगड वाड्यांत राहिले.

त्या विजयाची एक खूण मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण ओळखली नव्हती. आमच्या भागातली माणसे पालीच्या बल्लाळेश्वराला जातात. तेथील देवळातली मोठी घंटा युरोपीय घडणीची आहे आणि ती वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी आणली असे सांगतात. वडिलांच्या खांद्यावर बसून मी ती वाजविली होती. रेवदंड्याच्या मनोऱ्याखाली मला त्या घंटेचा आवाज आठवला. मनोरा येथे मुका आणि घंटा तिकडे बोलती, असे मनात आले.

दुपारी कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडून आम्ही कोर्लईला गेलो. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये लांबट डोंगर, त्यावर किल्ला. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो निजामशाहीकडून जिंकला. वर छप्पर नसलेले एक चर्च आहे. खाली गावात मात्र माउंट कार्मेल मातेचे चर्च नांदते आहे. या मातेचा सण १६ जुलैला असतो. राजाच्या पैशावर उभे राहिलेले वरचे चर्च पडले आणि गावाने सांभाळलेले खालचे टिकले, हा फरक आम्हाला कोणी समजावून सांगावा लागला नाही.

परंतु कोर्लईचे खरे आश्चर्य दगडात नाही. येथील ख्रिस्ती घरांत एक बोली बोलली जाते, तिला ते 'नोलिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. पोर्तुगीज शिपाई आणि येथील माणसे यांच्या संसर्गातून ती जन्मली. १७४० नंतर पोर्तुगालशी संबंध तुटला; गेले ते गेले, गरीब कष्टकरी मागे राहिले आणि त्यांनी ती तोंडात जपली. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठीसारखी, क्रियापद शेवटी. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या बोलीवर १९९६ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ती बोलणारी माणसे आज सुमारे एक हजार असावीत.

आम्ही एका ओटीवर पाणी मागितले. आतून एक आजी आली. ती नातवाला त्या बोलीत काहीतरी म्हणाली आणि नातवाने मराठीत उत्तर दिले. आजी हसली आणि आम्हाला मराठीत म्हणाली, "समजतं सगळं त्याला. बोलायला लाजतो."

ते वाक्य मला लागले, त्याचे कारण सांगतो. अकरावीला असताना एकदा वर्गात मी 'मला' म्हणायच्या ऐवजी 'मना' म्हणालो, 'पाणी'चे 'पानी' केले, आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. त्या दिवसापासून मी घरची आगरी बोली कॉलेजच्या फाटकाबाहेर ठेवून आत येऊ लागलो. पुढे पुढे घरीही आईशी पुस्तकी मराठीत बोलू लागलो. तिला ते कळत होते. ती काही म्हणाली नाही, फक्त माझ्याशी कमी बोलू लागली.

कोणी म्हणेल, परकी राजवट गेली तशी तिची बोलीही गेली तर काय बिघडले? मग आपल्याला पाव, साबण, चावी, पगार, घमेले, लिलाव, तुरुंग, नाताळ हे शब्दही टाकावे लागतील. ते सगळे पोर्तुगीजांकडूनच आले आहेत. आणि कोर्लईची बोली ही राज्यकर्त्यांची नव्हेच. राज्यकर्ते बोटीत बसून गेले. राहिले ते येथलेच, आपल्यासारखे. कोचीनजवळच्या वायपीन बेटावर अशीच एक बोली होती. ती सफाईने बोलणारी शेवटची व्यक्ती २०१० मध्ये वारली आणि तिच्याबरोबर ती बोलीही गेली. मठ पडला तर निदान भिंत उरते. येथे तेवढेही उरले नाही.

रात्री घरी पोचलो तेव्हा आई जागी होती. मी तिला मनोरा सांगितला, पालीची घंटा सांगितली, मग त्या आजीची बोली सांगितली. तिने विचारले, "ते लोक घरान कंची भाषा बोलतान?" मी म्हणालो, "त्यांची सोताची." ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "मंग तुना आपली बोलायला लाज का वाटते?" मला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी एक वही घातली आहे. शेतीची, खाडीची, बांधबंदिस्तीची, मासळीची, स्वयंपाकाची अशी आईच्या तोंडची नावे तीत उतरवितो. आतापर्यंत दोनशे चाळीस शब्द झाले; त्यांतले बरेच मला ठाऊकच नव्हते. आपल्या महाविद्यालयात खारेपाटातून, रोह्याच्या डोंगराकडून, कातकरी वाड्यांतून आणि कोळीवाड्यांतून मुले येतात. प्रत्येकाने आपापल्या घरचे पन्नास शब्द लिहून आणले तर पुढील वर्षीच्या अंकात त्यांचा एक छोटा कोश देता येईल. मराठी आणि इतिहास या दोन्ही विभागांनी हे काम हाती घ्यावे, अशी माझी नम्र विनंती आहे.

माझी वही तयार आहे. सध्या ती आईच्या चुलीजवळच्या फळीवर असते, कारण शब्द तिला तिथेच आठवतात.