गाडीची देखभाल : घरचे काम कोणते, मिस्त्रीचे कोणते?

व्यापारी बंधूंनो, ताग्याची घडी उलगडून पाहिल्याशिवाय आपण माल घेत नाही. तोच माल वाहणारी गाडी मात्र न तपासता रस्त्यावर काढतो. ती वाटेत बंद पडली की भाडे वाया जाते आणि गिऱ्हाइकाकडची पतही जाते. आठवड्यातून एकदा, सकाळी इंजिन थंड असताना, पुढील तपासणी स्वतः करावी.

१) ऑइल : गाडी सपाट जागी असावी. पट्टी काढून पुसावी, पुन्हा घालून पाहावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे; जास्त भरणेही वाईट.

२) कूलंट : डब्यावरील खुणेपर्यंत हवे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये, उकळते पाणी अंगावर उडते.

३) बॅटरी : टर्मिनलवर पांढरी भुकटी जमल्यास वायरी सोडून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावे. सोडताना उणे वायर आधी, जोडताना शेवटी.

४) टायर : हवा टायर थंड असताना मोजावी. भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, तो कंपनीच्या पुस्तिकेत मिळतो. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाल्यास टायर बदलावा.

ब्रेकचे ऑइल उतरलेले दिसले तर नुसते भरून गाडी काढू नये. पॅड झिजले असतील किंवा कुठे गळती असेल. हे काम मिस्त्रीचेच. तसेच नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. इथे वाचवलेली मजुरी जिवावर बेतू शकते.