हर की दूनला निघण्याआधी

परीक्षा संपत आल्या की बिलोलीत मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. कधी चहाच्या टपरीवर, कधी नरसीच्या एसटीत, कधी फोनवर. "सर, हिमालयातला एखादा सोपा ट्रेक सांगा. गावागावांतून जाणारा, आपल्याला झेपेल असा." हा प्रश्न ऐकून मला मनापासून आनंद होतो. आपल्याकडची माणसं हिमालयात जायची ती बहुधा चारधामच्या बसमधून. आता शिक्षक, दुकानदार, कॉलेजची मुलं, घरच्या बाया स्वतःच्या पायांनी तो प्रदेश बघायला निघतात. म्हणूनच या प्रश्नाला ट्रेकचं नाव सांगून मोकळं व्हावं, असं मला वाटत नाही.

नाव तर सांगतोच, हर की दून. उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात, मोरी खोऱ्यात, सांक्री हे गाव आहे. तिथून जीपनं तालुका नावाच्या गावापर्यंत जायचं आणि मग सुपीन नदीच्या काठाकाठानं गंगाडवरून ओसल्याला पोचायचं. तालुका ते ओसला साधारण 13 किलोमीटरची चाल. मोटाररस्ता आता दरवर्षी थोडाथोडा पुढे सरकतो आहे, त्यामुळे हे अंतर कमी होत जाणार. वाटेत देवदाराची आणि अक्रोडाची झाडं, लाकडी पूल, दगड-लाकडाची जुनी घरं, रामदाना म्हणजे आपल्या राजगिऱ्याची शेतं. ओसल्याच्या वर हर की दूनचं कुरण, साधारण 3,500 मीटर उंचीवर. दोर लागत नाही, कडा चढावा लागत नाही. नवख्या माणसासाठी ही वाट चांगली आहे, यात शंका नाही.

पण ती कुणासाठी सोपी? सांक्रीचा दहा वर्षांचा मुलगा ही वाट खेळत जातो. डेहराडूनचा माणूस थोडं धापत जातो. नांदेड जिल्हा समुद्रसपाटीपासून साडेतीनशे-चारशे मीटरवरचा. आपला जन्म काळ्या सपाट रानात गेलेला. आणि आपण निघतो कधी? मे महिन्यात. सप्टेंबर-ऑक्टोबरमधलं तिथलं हवामान सगळ्यात स्वच्छ असतं हे खरं, पण तेव्हा इकडे सोयाबीन काढणीला आलेलं असतं, शाळा चालू असतात. म्हणजे 43 अंशांच्या उन्हातून उठून माणूस थेट तिथे जातो, जिथे दुपारी पाऊस आला की हात गारठतात. हा फरक कुठल्याही जाहिरातीत लिहिलेला नसतो.

त्यात प्रवास. बिलोलीहून एसटीनं नायगाव करत नांदेड, मग सचखंड एक्सप्रेस. या गाडीत वाटेतल्या स्टेशनांवर लंगरचं गरम जेवण मिळतं, घरून ताट-वाटी तेवढी न्यावी. दिल्लीला उतरून रात्रीची बस धरून डेहराडून. पुढे मसुरी, नौगाव, पुरोला, मोरी, नैटवाड करत जीपमध्ये अख्खा दिवस, सगळा वळणावळणाचा. सांक्रीला पोचेपर्यंत दोन-तीन रात्रींची झोप गेलेली असते, ओकाऱ्यांमुळे पोटात काही टिकलेलं नसतं. आणि बहुतेक सहली दुसऱ्याच दिवशी सकाळी चालायला लावतात.

आमचा गटही असाच निघाला होता. बिलोली, कुंडलवाडी, देगलूरकडची मंडळी. त्यात आमचे एक अण्णा होते. वय पन्नाशीपुढचं, दुकानदार, अंगानं धडधाकट, रोज पहाटे कॅनॉलच्या रस्त्यानं चालणारे. ज्यांनी सहल ठरवली त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "लहान लेकरंसुद्धा करतात, काही लागत नाही." अण्णांनी ते शब्दशः घेतलं. जीन्स, सुती बनियन, सुती शर्ट, वर एक स्वेटर. पावसासाठी प्लॅस्टिकचा पातळ कोट, तो पहिल्याच झुडपाला अडकून फाटला.

दुपारनंतर पाऊस आला. मोठा नव्हता. आपल्याकडे अशा पावसात माणूस छत्रीसुद्धा उघडत नाही. पण तो थांबेना, आणि नदीवरून वारा सुटला. तासाभरानं अण्णा मागे पडले. आधी थरथरत होते, गप्पा मारत होते. मग गप्पा थांबल्या. मी विचारलं, "अण्णा, बरं आहे ना?" "काही नाही झालं, चला तुम्ही." शब्द जडावलेले. पाण्याची बाटली उघडायला गेले तर झाकण फिरवता येईना. सपाट वाटेवर दोनदा अडखळले. आम्हाला वाटलं, दमले. आमच्याबरोबरच्या ओसल्याच्या तरुण वाटाड्यानं मात्र एकदा त्यांच्या बोटांकडे बघितलं आणि दुसरं काही न बोलता गट थांबवला. गंगाडमधल्या ओळखीच्या घरात नेलं. पहिली गोष्ट, ओले कपडे काढले, अगदी बनियनसकट. कोरडे लोकरीचे कपडे, वर घोंगडी, डोक्याला टोपी. घरातल्या आजींनी चूल पेटवली, पण वाटाड्यानं अण्णांना आगीच्या अगदी जवळ बसू दिलं नाही, हातपाय चोळूही दिले नाहीत. ते पुरते शुद्धीवर आहेत, नीट गिळताहेत हे पाहून साखरेचा गरम चहा थोडाथोडा पाजला. बऱ्याच वेळानं थरथर पुन्हा सुरू झाली, तेव्हा त्याचा चेहरा सैल झाला. थरथर परत येणं हे चांगलं लक्षण असतं, हे आम्हाला त्यानं तेव्हा सांगितलं.

याला शरीराचं तापमान उतरणं म्हणतात आणि त्याला बर्फ लागत नाही. आठ-दहा अंश, ओला कपडा आणि वारा, एवढं पुरतं. ओलं कापड अंगाची ऊब कोरड्या हवेपेक्षा कितीतरी पटीनं लवकर ओढून नेतं. सूत पाणी धरून ठेवतं, जीन्स तर तासन्‌तास वाळत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात सुती कपड्यासारखं सुख नाही, म्हणून आपण सवयीनं तेच भरतो. डोंगरात अंगाला लागून असलेला कपडा सिंथेटिक किंवा लोकरीचा हवा. खेळाचे टी-शर्ट नांदेडच्या बाजारात दोन-तीनशेला मिळतात, ते चालतात. वर लोकर किंवा फ्लीस, त्यावर पाणी आत न येऊ देणारं जाड जॅकेट किंवा पोंचो. कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड आणि टोपी प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून पाठीवरच्या पिशवीत ठेवा, खेचरावर टाकलेल्या सामानात नको. खेचर पुढे निघून गेलेलं असतं. दुसऱ्याचं बोलणं जड होऊ लागलं, बोटं काम करेनाशी झाली, पाय लटपटले, तर त्याच्या "काही नाही झालं"वर अजिबात विश्वास ठेवू नका. ज्याला हा त्रास होतो त्याचं डोकंच आधी मंदावतं, स्वतःचं त्याला कळत नाही.

उंचीवर हीच गोष्ट किती भयंकर होते, ते जून 2024 मध्ये दिसलं. उत्तरकाशी-टिहरीच्या सीमेवर सहस्रतालच्या वाटेवर 22 जणांचा गट वादळात सापडला, बहुतेक जण कर्नाटकातले. थंडीनं 9 माणसं गेली. तो ट्रेक 4,000 मीटरच्या वर जाणारा, या वाटेशी त्याची बरोबरी नाही. पण मारणाऱ्या गोष्टी त्याच होत्या, वारा आणि थंडी.

आता पायांचं. आपल्याकडचा माणूस चढायला घाबरतो. खरा त्रास उतरताना होतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणत ताणत वजन पेलतात, आणि सपाटीवर कितीही चाललात तरी त्या कामाची सवय होत नाही. म्हणून तीस किलोमीटर दिंडी चालणारा माणूसही ओसल्याहून परतताना गुडघा धरून बसतो. निघण्याआधी किमान सहा आठवडे पाठीवर पाच-सात किलो ज्वारीची पिशवी घेऊन जिना चढा-उतरा करा, उतरण्यावर जास्त लक्ष द्या. जमलं तर एखादा रविवार माहूरला जा. रेणुकादेवीच्या पायऱ्या आणि दत्तशिखराची वाट, दोन्ही ओझं घेऊन करा. आपल्या जिल्ह्यात याहून चांगली शाळा नाही. बूट अर्धा नंबर मोठे घ्या, महिनाभर आधीपासून घाला आणि निघायच्या आदल्या दिवशी पायाची नखं कापा. बारीक गोष्ट आहे, पण उतारावर नखं बुटाला आपटून काळीनिळी झालेली मी अनेकांची पाहिली. काठी हवीच, साधी चालते.

उंचीबद्दल थोडक्यात. ओसला 2,500 मीटरच्या आसपास आहे, तिथवर बहुतेकांना काही होत नाही. हर की दूनला हवेतला प्राणवायू खालच्या मानानं सुमारे एक तृतीयांश कमी होतो. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं, असं झालं तर आणखी वर जायचं नाही. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर तेव्हाच, रात्र असली तरी, खाली उतरायचं. औषध घेऊन वर जात राहणं हा उपाय नाही. डायमॉक्ससारखी गोळी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. रक्तदाब, मधुमेह असेल तर गोळ्या दोन ठिकाणी वाटून ठेवा, एक पिशवी हरवली तर दुसरीत असाव्यात. दवाखाना म्हणावा असा थेट पुरोल्याला आहे. झऱ्याचं पाणी कितीही काचेसारखं दिसलं तरी वर मेंढ्या चरत असतात. उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून प्या.

सावरल्यावर अण्णा ओसल्यापर्यंत आले, पण दुसऱ्या दिवशी वर हर की दूनला आले नाहीत. ओसल्यातच थांबले. आमच्यातल्या काहींना त्याचं वाईट वाटत होतं, अण्णांना वाटत नव्हतं. त्यांनी दिवसभर गाव पाहिलं. खालच्या मजल्यावर गुरं, वर माणसं. भिंतीत दगडाच्या थरांत देवदाराच्या तुळया. सोमेश्वराच्या मंदिरावरचं लाकडी कोरीव काम. मडुव्याची म्हणजे नाचणीची रोटी आणि राजमा. यजमानांशी राजम्याचा भाव, मेंढ्या, हिवाळ्यातला चारा, पोरांच्या नोकऱ्या यांवर बोलत बसले. शेतकऱ्याच्या घरात शेतकऱ्याच्या घरचा माणूस बसला होता, हिंदी मोडकं असूनही काही अडलं नाही. मला विचाराल तर या वाटेवरचं खरं पाहण्यासारखं तेच आहे. त्यामुळे माझा सल्ला ठाम आहे: पहिला दिवस सांक्रीत काढा, नुसतं झोपा आणि शेजारच्या सौड गावापर्यंत हिंडा. ओसल्यात दोन रात्री राहा. तब्येत आणि आभाळ दोन्ही साथ देत असतील तरच वर जा. हर की दून राहिलं म्हणून ट्रेक अर्धवट राहिला, असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका.

ही गावं म्हणजे लोकांची घरं आहेत. मंदिराच्या आवारात पाय ठेवण्याआधी विचारा. बाहेरच्यांनी कुठवर यायचं याचे तिथे नियम आहेत आणि त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. नैटवाडला पोखू देवतेच्या मंदिरात भाविक देवाकडे पाठ करून पूजा करतात. ज्याची त्याची रीत. कामात असलेल्या बायकांचे फोटो न विचारता काढू नका. मुलांना चॉकलेटं वाटू नका. शिक्षक म्हणून हे मी कळवळून सांगतो, त्यानं लेकरं वाटेवर हात पसरून उभी राहायला शिकतात. द्यायचंच असेल तर शाळेत जाऊन गुरुजींना विचारून द्या. घरांच्या आसपास विडी-सिगारेट बिलकूल नको. घरं लाकडाची, माळ्यावर गवत रचलेलं. जवळचं सावणी गाव 2018 मध्ये आगीत होरपळलं आहे. हा सगळा भाग 1955 पासूनचं अभयारण्य आहे, गोविंद पशू विहार. कुरकुऱ्यांची पाकिटं, बाटल्या, सॅनिटरी पॅड, जे नेलं ते सगळं परत आणायचं.

वाटाड्या आणि मुक्काम शक्यतो सांक्री-ओसल्याच्याच माणसांकडे ठरवा, आणि पैशांवरून फार घासाघीस करू नका. अण्णांची बोटं ओळखणारा तरुण तिथलाच होता. ठरवताना तीन प्रश्न विचारा: माणूस आजारी पडला तर खाली कोण आणि कसा आणणार, बरोबर किती वाटाडे, आणि पाऊस असेल तर मुक्काम वाढवता येईल का. तिसऱ्या प्रश्नाला "नाही" असं उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधा.

रोकड पुरोल्यातच काढून घ्या, पुढे भरवसा नाही. फोनला सांक्रीपुढे रेंज नसते असंच धरून चाला आणि "चार दिवस फोन लागणार नाही" हे घरी आधीच सांगून ठेवा, म्हणजे इकडे कुणी रात्र रात्र जागत बसणार नाही. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गुळाचे खडे बरोबर असू द्या. परतीचं सचखंडचं तिकीट मात्र ट्रेक संपल्याच्या दुसऱ्या दिवशीचं काढू नका. मोरीच्या रस्त्यावर दरड आली की एक दिवस सहज जातो, आणि हातात तो दिवस नसला की माणसं अंधारात, पावसात, दमलेल्या ड्रायव्हरला घाई करत घाट उतरतात. दोन दिवस सोडून काढा.