मागे पाहणारा कॅमेरा

हुगळीकाठच्या बराकपूरसारख्या दाटीच्या गावात मोटार मागे घेताना गाडीलगत उभे असलेले लहान मूल आरशात दिसत नाही. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागील अडथळ्याची सूचना देणारे संवेदक सक्तीचे झाले; जुन्या गाडीस कॅमेरा मागाहून जोडता येतो.

बंगालच्या पावसाळ्याचा विचार करून आयपी ६७ दर्जाचा कॅमेरा निवडावा. एक मीटर पाण्यात अर्धा तास राहूनही त्यास अपाय होत नाही. मोटारीची विद्युत् बहुधा १२ व्होल्टची, तर अवजड मालमोटारीची २४ व्होल्टची असते. कॅमेरा तिला अनुरूप असावा. चित्र आरशाप्रमाणे डाव्याउजव्याची अदलाबदल करणारे हवे.

क्रमांकपट्टीच्या वर, मध्यभागी तो बसवून त्याची वीजतार रिव्हर्सच्या पांढऱ्या दिव्यास जोडावी. रिव्हर्स गियर पडताच पडदा उजळतो. मात्र भिंग चिखलाने माखते. म्हणून ते नित्य पुसावे आणि मान वळवून पाहण्याची सवय सोडू नये.